लाकूड धरण्याची रीत: जव्हार–मोखाड्यातील सुतारकाम आणि बाक

सुतारी बाकाचे काम एकच असते: लाकूड हलू न देणे. रंधा मारताना फळी पुढे सरकते, पटाशी ठोकताना उडते, करवतीखाली थरथरते. तिला जखडून ठेवणारे काही मिळाले की कारागिराचे दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे होतात. हे जखडण्याचे काम जिथे शरीरच करते, तिथे बाकाची गरज पडत नाही. दाभोसा, जव्हार, मोखाडा या डोंगरपट्ट्यात ते कित्येक पिढ्या शरीरानेच केले. त्यामुळे इथल्या बाकाचा इतिहास अलीकडचा आणि छोटा आहे. बाकाविना चाललेल्या सुतारकामाचा त्याहून फार मोठा.

दाभोसा हे जव्हार तालुक्यातील गाव लेंढी नदीवरच्या सुमारे ३०० फुटी धबधब्यामुळे बाहेरच्यांना ठाऊक आहे. आसपासचे जंगल पानगळीचे: साग, ऐन, बिबळा, हेद, कळंब, धावडा, तिवस, खैर, शिवण, मोहा. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी यांच्या वस्तीत या प्रत्येक झाडाचे काम ठरलेले असे. घराच्या मेढींना साग किंवा ऐन, कुडाच्या भिंतीला कारवी, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, नांगराच्या आणि गाडीच्या ताण सोसणाऱ्या भागांना तिवस, ढोलाला आणि कोरीवकामाला न वाकणारी, न तडकणारी शिवण. लाकडाचे हे ज्ञान सुतार जातीपुरते नव्हते. देशावरच्या गावगाड्यात सुतार हा मानाचा बलुतेदार. नांगर, जू, इसाड, पाभर यांच्या दुरुस्तीबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. डोंगरातल्या विखुरलेल्या पाड्यांत बलुतेदारी तशी भरीव कधीच नव्हती. तिथे औते, मेढी, आढे, उखळ-मुसळ शेतकरी स्वतःच घडवी. कुऱ्हाड, कोयता, वाकस आणि एखादी पटाशी एवढीच त्याची हत्यारपेटी. गाडीचे चाक किंवा दाराची चौकट अशा बारीक मापाच्या कामाला तेवढा बाजारगावचा सुतार लागे.

काम पाड्यावरच्या शेतकऱ्याचे असो की बाजारगावच्या सुताराचे, बैठक जमिनीवरचीच. लाकडाचे एक टोक ठोकळ्यावर टेकवायचे, दुसरे पायाच्या तळव्याखाली दाबायचे आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या चिमटीत फळीची कड पकडायची. वाकस अंगाकडे ओढत मारला जातो, म्हणून पाय कुठे आहे याचे भान सुटून चालत नाही. शिकाऊ पोराच्या नडगीवरची खूण हीच त्याची पहिली सनद. छिद्र पाडायला सामता: दोरी गुंडाळलेला दांडा धनुकलीने पुढेमागे फिरवायचा. मोठ्या रंध्याला पुढे आडवी मूठ असे. मागून सुतार ढकली, समोरून मदतनीस ओढी. लाकूड दोघांच्या ताणात आपोआप जागेवर राही. ओंडका फाडायचा तर तो घोडीवर चढवून एक जण वर, एक जण खाली अशी जोडी आरा चालवी. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांना बसून काम करणाऱ्या या सुताराचे मोठे अप्रूप वाटे, आणि कौतुकात थोडी कीवही मिसळलेली असे. कीव अस्थानी होती. हत्यारांचा पुरा संच झोळीत मावे, कारखाना जिथे लाकूड तिथे, आणि बाकाचे वजन कोणी वाहायचे हा प्रश्नच नव्हता. ज्या प्रदेशात ओंडका घरी आणण्यापेक्षा कारागीर झाडापाशी जाणे सोपे, तिथे ही सोय फार मोलाची.

बोहाड्याचे मुखवटेही याच बैठकीत घडत. बोहाड्यात होळीनंतर जव्हार–मोखाडा भागात देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे नाचवली जातात. बावन्न सोंगे अशी बोलण्यातली संख्या आहे. मुखवटा रात्री बराच वेळ तोंडावर बांधून नाचायचे असल्याने लाकूड हलके हवे, आणि आतून पोकळ कोरायचे असल्याने कोरताना ते सतत फिरवावे लागते. बाकाच्या शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, आवळलेला गोल ओंडका दर दहा घावांनी सोडून पुन्हा आवळावा लागतो. मांडी आणि पाय यांच्यामध्ये तो क्षणात वळतो. पुढे अनेक ठिकाणी कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले, तेव्हा हे कसबही कमी झाले.

उभ्याने वापरायचा बाक ही युरोपीय परंपरेतली वस्तू. तीही आरंभी बुटकी होती. रोमन काळचे चार पायांचे जाड फळीचे बाक गुडघ्याएवढे. कारागीर त्यावर घोड्यासारखा बसून आपल्याच वजनाने लाकूड दाबी. म्हणजे तिकडेही आधी शरीरच धरत होते. लांब रंधे आणि कपाटांच्या रुंद फळ्या आल्यावर बाक कमरेपर्यंत चढला, त्याला लाकडी आट्यांचा शेगडा जोडला गेला. जोसेफ मॉक्सनच्या इंग्रजी ग्रंथात सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि आंद्रे रूबोच्या फ्रेंच ग्रंथात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे सविस्तर वर्णन आहे. रूबोच्या बाकाची फळी पाच-सहा इंच जाडीची आणि पायांची बाहेरची बाजू फळीच्या कडेशी एका पातळीत, त्यामुळे उभ्या फळीला पायाचाही आधार मिळतो. आज घरी बाक बनवणारे जगभर याच आराखड्याकडे वळतात.

महाराष्ट्रात हा बाक आणला तो कारखान्याने आणि शाळेने. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, मुंबईत रेल्वेच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. रेल्वेच्या डब्याची चौकट एकसारख्या मापाची शेकडो वेळा करायची असते. तिथे पायाच्या चिमटीपेक्षा लोखंडी शेगडा भरवशाचा. शाळेचे कारण वेगळे होते. ओळीने उभ्या मुलांवर एका मास्तराची नजर राहायला बाकच हवेत. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमनने १८७० च्या दशकात शिक्षकांना हस्तकाम शिकवायला सुरुवात केली, तेव्हा उभे राहण्याची ढब हा त्याच्या पद्धतीचा मोठा भाग होता. वर्ध्याला १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या बुनियादी शिक्षणातही सुतारकाम होते, आणि १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेने औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, तालुक्यांपर्यंत नेल्या. आयटीआयतल्या मुलाचा पहिला धडा साधा असतो: ठोकळा वाइसमध्ये धरून चारही बाजू गुण्यात आणायच्या. पुस्तकात शेगडा, तोंडी मात्र वाइस.

बाक डोंगरात उशिरा पोचण्यामागे सवयीपेक्षा लाकडाच्या मालकीचे कारण मोठे होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. जंगल सलग, कायदे दोन. संस्थानाच्या उत्पन्नात जंगलाचा वाटा मोठा होता. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या आणि साग सरकारी मोलाचा झाला. तोडीसाठी आखलेल्या कुपांचे ठेके व्यापाऱ्यांकडे जात, तोडणी आदिवासींकडून, पुष्कळदा वेठीने. ठेकेदारीतील या पिळवणुकीची नोंद डी. सिमिंग्टन यांच्या १९३० च्या दशकाअखेरच्या अहवालात आहे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारली उठावाची हकिगत सांगितली आहे. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कुपे देण्याचे धोरण आले. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दोन्ही बाजूंना एकच वनखाते आले. तरी दिवसभर साग तोडणाऱ्याच्या पडवीत बाकाएवढा साग येणे अवघडच राहिले. साडेचार-पाच घनफूट चांगले लाकूड केवळ दुसरे लाकूड धरण्यासाठी खर्ची घालणे ही चैन होती. आदिवासी खातेदाराने स्वतःच्या शेतातली झाडे विकायची तर १९६९ च्या कायद्याने तीही शासनामार्फत, आणि तोड व वाहतूक दोन्हींना परवाना लागतो. घरी बाक करू पाहणाऱ्याने लाकूड निवडताना पहिला विचार याचा करावा: पावतीचे वखारीतले लाकूड, पडलेल्या जुन्या घराच्या मेढी-तुळया, किंवा बांधावरचा आंबा आणि बाभूळ.

यांतले सर्वांत चांगले जुन्या घराचे. चाळीस-पन्नास पावसाळे काढलेला साग वाळून स्थिर झालेला असतो; फक्त खिळे काढून घ्यावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्या दिवशीच खांडते. वजनाच्या दृष्टीने ऐन सागापेक्षा सरस. ६ फूट लांब, २ फूट रुंद, ३ इंच जाड अशी फळी सागाची असेल तर सुमारे ५५ किलो भरते, ऐनाची ७० किलोच्या आसपास, आणि बाकाला जडपणा हा गुणच आहे. पण ऐन वाळताना तडकतो आणि हत्यारे लवकर बोथट करतो. बाभूळ चिवट आणि स्वस्त. ओंडके काही महिने पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवायची जुनी रीत तिला मानवते. आंब्याची फळी रुंद मिळते, पण तिला भुंगा लागतो. कोणत्याही जातीत बाहेरचे फिके लाकूड तासून गाभ्याचेच घ्यावे.

जव्हारच्या हवेत बाकाचा खरा कस पावसाळ्यात लागतो. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, एप्रिल-मेमध्ये कोरडी. २ फूट रुंदीची सागाची फळी या दोन टोकांत रुंदीने सुमारे १ सेंमी फुगते-आक्रसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. तिला आडव्या पट्टीवर खिळ्यांनी गच्च ठोकले की ती चिरते किंवा पाय फाकवते. उपाय दोन. फळी मधल्या एका ओळीत पक्की करून दोन्ही कडांना सरकायला वाव ठेवायचा, किंवा फुटाफुटाच्या दोन फळ्या मध्ये बोटभर फट ठेवून बसवायच्या. फटीत पटाश्या उभ्या राहतात, हा वरचा फायदा. पाय साडेतीन-चार इंच चौरस, आडव्या दांड्यांचे कुसू पायाच्या आरपार काढलेले आणि बाहेरच्या टोकाला खैराची किंवा तिवसाची पाचर. उन्हाळ्यात सांधा सैल झाला की पाचरेला एक ठोका पुरतो. सरसाने जोडलेल्या सांध्याला ही सोय नाही; शिवाय पाचरा काढल्या की बाक सुटा होऊन भिंतीला टेकवता येतो, दोन खणी घरात हेही लहान नव्हे.

उंचीचा नियम कोष्टकात शोधू नये. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगट जिथे येते तिथे फळीचा माथा. ५ फूट ४ इंचांच्या माणसाला सुमारे ३१ इंच. रंध्याचे काम जास्त असेल तर इंचभर खाली, बारीक सांधे आणि कोरीवकाम जास्त असेल तर दोन-चार इंच वर. बसून काम करण्याचा हात असेल त्याने उभा बाक करण्याचा हट्टही धरू नये. १६ ते १८ इंच उंचीचा बैठा बाक, रोमन बाकासारखा, पडवीत मावतो, निम्म्या लाकडात होतो आणि पायाची जुनी पकड त्यावर तशीच वापरता येते. इथल्या कारागिराला हाच बाक अधिक जवळचा वाटावा.

धरण्याच्या साधनांत लोखंडी वाइस शहरातून आणावा लागतो, आणि तोच सगळ्यांत महाग. त्याच्याआधी दोन स्वस्त गोष्टी कराव्यात. एक, फळीच्या डाव्या टोकाला वरखाली सरकणारा चौकोनी लाकडी अडसर. रंधा मारताना फळी त्याला टेकते. दुसरी, बाजारच्या लोहाराकडून जाड सळईचा वळवून घेतलेला आकडा. फळीतल्या भोकात तो सैल बसतो, डोक्यावर मोगरीचा एक घाव घातला की तिरका अडकून खालचे लाकूड दाबतो, मागून टोला दिला की सुटतो. भोक सळईपेक्षा सूतभर मोठे (८ सूत म्हणजे १ इंच) आणि फळी निदान अडीच इंच जाड हवी, नाहीतर आकडा धरत नाही.

शहरातल्या घराघरांत चालणारे आजचे सुतारकाम बहुतेक प्लायवुडचे, आणि ते करणारे कारागीर जागेवरच प्लायचे टेबल ठोकून त्याखाली विजेची करवत उलटी बसवतात. बाकीचे काम पुन्हा जमिनीवर बसून. काम संपले की टेबल मोडून त्याचे फळकूटही कपाटात जाते. पक्क्या लाकडाचे खुर्ची-पेटीचे काम करणाऱ्या घरालाच कायमचा बाक लागतो. त्याची निगा थोडीच: वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात, पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर मार्गशीर्षाच्या सुमारास माथा रंध्याने पुन्हा समतल करणे, आणि सारवलेल्या जमिनीतली ओल व वाळवी चढू नये म्हणून चारही पायांखाली सपाट दगड.