दारापर्यंत येणारा माणूस

सेवाग्राम आश्रमात गेलेला प्रत्येक जण बापू कुटीत डोकावतो. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन मिनिटं शांतता, बाहेर आल्यावर एक फोटो. आम्हा वर्ध्याच्या पोरांची तर शाळेची निम्मी सहल तिथेच संपायची. त्याच आवारात आणखी एक छोटी कुटी आहे. तिच्यापुढे मात्र फारसं कुणी थांबत नाही. तिचं नाव परचुरे कुटी.

दत्तात्रय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित आणि सत्याग्रही. त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३२ साली ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि गांधीही तिथेच होते. पण कुष्ठरोगी कैद्यांना वेगळं ठेवलं जाई. गांधींनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग एकाच तुरुंगातली ही दोन माणसं एकमेकांना पत्रं लिहू लागली. मधे भिंती होत्या, पण बोलणं चालू होतं. आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १९३९च्या सुमारास परचुरे शास्त्री सेवाग्रामला येऊन पोचले. आजार बळावला होता आणि थारा कुठेच नव्हता. झाडाखाली पडून राहीन, एवढंच त्यांचं मागणं होतं. गांधींपुढे खरा पेच होता. आश्रमात बायका-मुलं राहत होती आणि त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. त्यांनी आश्रमवासीयांना विचारलं, ते तयार झाले आणि गांधींच्या कुटीजवळच शास्त्रींसाठी कुटी उभी राहिली. गांधी स्वतः त्यांच्या जखमा धुवायचे, अंगाला मालिश करायचे. त्याचा फोटो प्रसिद्ध आहे.

फोटोत न दिसणारी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शास्त्री त्या कुटीत नुसते पडून नव्हते. ते आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवायचे. ज्याला गावाने बाहेर काढलं होतं, त्याच्याकडे लोक काहीतरी मागायला येत होते.

आता थोडं कायद्याबद्दल. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, इंग्रज सरकारने कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला. उपजीविकेचं साधन नसलेला, रस्त्यावर भीक मागणारा कुष्ठरोगी दिसला की पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकत आणि आश्रयगृहात डांबता येई. पैसेवाला रुग्ण मात्र आपल्या घरात राहू शकत होता. विलगीकरण कागदावर रोगाचं होतं, प्रत्यक्षात गरिबाचं.

२०२० मध्ये हे मला जवळून कळलं. ३० एप्रिलच्या केंद्र सरकारच्या यादीत वर्धा जिल्हा हिरव्या रंगात होता. मी जूनमध्ये पुण्याहून, म्हणजे लालभडक भागातून, लॅपटॉप घेऊन घरी आलो. हातावर शिक्का, दारावर कागद, १४ दिवस वरची खोली. ऑफिसचं काम चालू होतं, नेट बरं होतं, आई जिन्यात ताट ठेवून जात होती. फोनवर सल्ल्यांचा पाऊस पडत होता: प्राणायाम करा, काढा प्या, सकारात्मक राहा, नवीन छंद लावून घ्या. हे करूनही तिसऱ्या दिवशी जीव उबगला. गल्लीतल्या लोकांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं होतं. दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच्या खांबाला अडकवून जायचा. सगळी काळजी घेऊनही आपण माणूस नसून धोका आहोत असं वाटायला लागतं, त्यावर काढा नाही.

शेजारचे काका तेवढे रोज संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर यायचे. दोन गच्च्यांमध्ये चांगलं दहा-बारा फुटांचं अंतर. "काय करून राहिला रे?" हा ठरलेला प्रश्न. चौथ्या दिवशी म्हणाले, "आमच्या पोरीला गणित शिकव ना. दहावीत गेली, क्लास बंद आहे." मग रोज साडेसहाला मी इकडच्या गच्चीवर, ती तिकडच्या. समीकरणं ओरडून सांगायची आणि वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर तपासायचा. उरलेले दिवस कसे गेले कळलं नाही. परचुरे शास्त्रींबद्दल वाचायला मी त्याच दिवसांत सुरुवात केली.

वर्ध्याच्या इतिहासात स्वतःहून घेतलेल्या एकांताचीही गोष्ट आहे. १९३८ साली विनोबांची तब्येत इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोंवर आलं. ते पवनारला धाम नदीकाठच्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळ्या कामांचा, काळज्यांचा त्याग केला. मग शेतात खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं आणि पुढे रोज थोडी थोडी वाढ. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झालं. त्या खोदकामात जुनी शिल्पंही सापडली. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प आज पवनारच्या आश्रमात आहे.

या गोष्टीतली पाच मिनिटं मला फार आवडतात. लॉकडाऊनमध्ये पहिल्याच दिवशी शंभर सूर्यनमस्कार घालून दुसऱ्या दिवशी पलंगावर आडवे झालेले मित्र आठवतात. पण विनोबांचा पूल त्यांनी स्वतः ओलांडला होता, आणि वाटेल तेव्हा परत येण्याची मुभा त्यांना होती. ज्याच्या तोंडावर दार बंद केलं जातं, त्याला नुसती दिनचर्या पुरत नाही.

हे ज्यांना उमगलं ते मनोहरजी दिवाण. विनोबांच्या प्रेरणेने त्यांनी वर्ध्याच्या आसपासच्या गावांत कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली आणि १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम उभं राहिलं. तोवर हे काम देशात मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केलं होतं. गांधींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत कुष्ठरोग्यांची सेवा घातली, तेव्हा भारतीयाने सेवाभावाने चालवलेली संस्था म्हणून उल्लेख केला तो दिवाणांच्याच कामाचा. दत्तपुरात रुग्ण शेती करायचे, गाई सांभाळायचे, सूत कातायचे. बोटं झडलेली माणसं पीक काढत होती. परचुरे शास्त्रींचा शेवटचा काळही दत्तपुरात गेला. १९४५ साली ते वारले.

याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे दिवाणांच्या कामाशी जोडले गेले आणि १९४९ मध्ये त्यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला आपली संस्था सुरू केली. सोबत सहा रुग्ण, खडकाळ माळरान. तिथे विहीर खणली, धान्य पिकवलं. त्या जागेचं नाव आनंदवन. आम्हाला हे नाव इतकं सवयीचं झालंय की त्यातला धीटपणा लक्षात येत नाही. समाजाने टाकलेली माणसं दगड फोडत असताना त्या जागेला 'आनंद' म्हणायचं! तो आनंद 'सकारात्मक राहा' या सल्ल्यातून आला नव्हता. आपण पिकवलेलं आपण खातोय, दुसऱ्यालाही देतोय, यातून तो आला होता.

तरी दत्तपूर आणि आनंदवन ही वस्तीपासून वेगळीच ठिकाणं होती. पुढचं पाऊलही वर्ध्यातच पडलं. १९५१ साली गांधी स्मारक निधीतून कुष्ठरोगाच्या कामासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघालं. त्याचं मुख्यालय वर्ध्याला आणि पहिले संचालक डॉ. वारदेकर. डॅप्सोन हे औषध तोवर आलं होतं. वारदेकरांची पद्धत तीन शब्दांत मावते: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, लोकांना रोग समजावून सांगायचा आणि रुग्णाला त्याच्या घरीच औषध द्यायचं. त्याला गावाबाहेर काढायचं कारणच उरलं नाही. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याचा उपचार आला, तेव्हा देशात तो आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. या उपचारामुळे कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

कोविड आणि कुष्ठरोग यांची बरोबरी करता येत नाही. कुष्ठरोग हळू आणि अवघड पसरतो, कोविड झपाट्याने पसरला. २०२० मध्ये घरात राहणं गरजेचंच होतं, आणि मी ते १४ दिवस पुन्हा तसेच काढीन. पण अंतर किती ठेवायचं हे विषाणू ठरवतो. त्या अंतरावरून हाक मारायची की नाही, हे आपण ठरवतो. आश्रमात शास्त्रींना वेगळी कुटी दिली होती, त्यांच्याशी बोलणं बंद केलं नव्हतं. एकटा पडलेला माणूस टिकतो तो अशा हाकेवर, आणि त्याच्याकडे कुणी काही मागितलं तर आणखी लवकर सावरतो.

औषध आलं, उपचार घरी पोचला, तरी कागदांना जाग यायला फार वेळ लागला. १८९८चा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद देशातल्या विवाह कायद्यांतून काढली ती २०१९ मध्ये, म्हणजे आपण सगळे घरात कोंडले गेलो त्याच्या एक वर्ष आधी. पुढच्या वेळी सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीतून बाहेर पडल्यावर गाडीकडे वळू नका. ती दुसरी कुटीही बघा.