रायगडावरचा राजवाडा : उरलेलं आणि जळलेलं

आज आपण खांदेश्वरला बसलो आहोत, म्हणजे पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. 1981 पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. ज्या गडाचं नाव आपण पत्त्यात रोज लिहितो, त्याच्यावर एक राजवाडा होता. तो आज नाही. जो नाही, त्याचा इतिहास कसा सांगायचा, हा आजचा प्रश्न.

1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी महाराजांनी घेतली. पुढे तिथे राजधानी उभी राहिली आणि 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती.

आता रचना पाहा. बालेकिल्ल्यात शिरायला पालखी दरवाजा आणि मेणा दरवाजा. आत राण्यांचे महाल, राजांचं निवासस्थान, आणि पुढे राजसभा, सुमारे 220 फूट लांब. सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख, समोर नगारखाना. नगारखान्यापाशी हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं. याला काही जण चमत्कार म्हणतात. मी म्हणेन, ही सोय आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा आवाज राजापर्यंत पोचला पाहिजे ना! राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेननं सिंहासनापाशी भाल्याच्या टोकावर लावलेला सोन्याचा तराजू पाहिला. न्यायाचं ते चिन्ह. तराजू आणि ही सभा, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

हे सगळं उभं होतं कशावर? खाली दगडी जोतं, वर लाकूड. खांबांच्या दगडी तळखड्या आजही दिसतात. कोकणचा पाऊस, गडाची उंची, सह्याद्रीतलं लाकूड, या हिशोबानं ते रास्तच होतं. पण लाकडाला आगीचं भय. मे 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. वाडे पेटले. 10 मे ला गड पडला. उरली ती जोती.

आता जगदीश्वराच्या देवळातला शिलालेख आठवा. त्यात विहिरी, तळी, बागा, हत्तीशाळा आणि आकाशाला भिडणारे राजवाडे यांचं वर्णन आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत हे नांदो, असं मागणं आहे. शके 1596 ते 1818, म्हणजे अवघी 144 वर्षं. मग मागणं फोल ठरलं का? त्याच देवळाच्या पायरीवर हिरोजींचं नाव आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागावा म्हणून कोरलेलं. आकाशाला भिडलेलं जळालं, पायाखालचं टिकलं!

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात रायगड आहे. आता कुणी म्हणतं, वाडा पुन्हा बांधा. भावना मी समजू शकतो. पण वरच्या मजल्यांचा त्या काळचा आराखडा आपल्या हाती नाही. मग जे उभं राहील, ते आपल्या कल्पनेतलं असेल, आणि उद्याची मुलं त्यालाच शिवकाल समजतील. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं, अभाव हाही एक पुरावा असतो. 1818 ला काय घडलं, ते ती मोकळी जोती सांगतात. जोती जपा, दगड हलवू नका, उत्खनन शास्त्रानं होऊ द्या.

गडावर जाल तेव्हा राजसभेत फोटो काढायच्या आधी एकानं नगारखान्यापाशी उभं राहा, दुसऱ्यानं सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी. हळूच बोला. छप्पर गेलं, भिंती गेल्या, पण ऐकण्याची ती व्यवस्था अजून शाबूत आहे. ती ज्यासाठी होती, ते आपल्याकडे किती शाबूत आहे, एवढाच विचार करत गड उतरा.