‘आर-चॉप’ची कुळकथा

नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा लसिकासंस्थेचा कर्करोग. त्याच्या साठहून अधिक प्रकारांत ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ हा सर्वाधिक आढळतो. तो झपाट्याने वाढतो, तरी पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात. याचे मोठे श्रेय ‘आर-चॉप’ या पाच औषधांच्या संचाला जाते. त्यातली औषधे वेगवेगळ्या कुळांतून आली आहेत.

सर्वांत जुने कूळ युद्धातले. मस्टर्ड वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, हे पहिल्या महायुद्धानंतर कळले होते. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या संशोधनातून त्याच्याच जातीचे नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिले गेले. गाठी विरल्या, पण पुन्हा उद्भवल्या. तरीही औषधाने कर्करोग मागे हटतो, हे दिसले. पुढे याच रसायनापासून जर्मनीत सायक्लोफॉस्फमाइड घडले.

दुसरे कूळ मातीतले. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून लालभडक डॉक्सोरुबिसिनचा शोध लागला.

तिसरे, विन्क्रिस्टीन, आपल्या परिचयाच्या सदाफुलीतले. ही वनस्पती मूळची मादागास्करची. जमैकात मधुमेहावर तिचा काढा घेत, म्हणून तिची पाने कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टीन वेगळे काढले. अमेरिकेत एली लिली कंपनीचे संशोधकही याच झाडावर काम करत होते. त्यांनी विन्क्रिस्टीन शोधले. १९६३ साली त्याला मान्यता मिळाली. पेशी दुभंगण्यासाठी लागणारे सूक्ष्म तंतू ते जुळू देत नाही.

या तिघांना प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची जोड देऊन १९७०च्या दशकात ‘चॉप’ रूढ झाले. ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब. हे प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड बी-पेशींवरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटते आणि त्या पेशींचा नाश घडवते. अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली आणि २००२ साली फ्रेंच संशोधकांनी ‘आर’ जोडल्याने जास्त रुग्ण वाचतात, हे दाखवून दिले. हा संच सहसा दर एकवीस दिवसांनी, असा सहा वेळा देतात.

म्हणूनच लिम्फोमाचा प्रकार ओळखणे महत्त्वाचे. टी-पेशींच्या लिम्फोमात सहसा सीडी-२० नसते, तिथे ‘आर’चा उपयोग नाही. सावकाश वाढणाऱ्या फॉलिक्युलर प्रकारात त्रास नसेल, तर कधीकधी नुसते लक्ष ठेवतात. आजार उलटला, तर रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याचा सीएआर-टी उपचार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या अशाच उपचाराला भारतात २०२३ साली मान्यता मिळाली.

सदाफुलीची पाने घरी चावून किंवा काढा करून लिम्फोमा बरा होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. मान, काख किंवा जांघेतली गाठ काही आठवड्यांत ओसरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी बायोप्सी सांगितली, तर ती टाळू नका.