पारव्याचा पत्ता, मुक्काम बीड

पारव्यांची सोय व्हावी म्हणून बीडमध्ये कुणी भिंत उभारली नसेल. तरी गेली आठशे वर्षे ती सोय होत आली आहे. यादवांच्या सरदारांनी देवळे बांधली, निजामशाहीत विहिरी झाल्या, गावोगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून दगडी विहिरी बांधून घेतल्या आणि आता बिल्डर चार-चार मजली इमारती उठवत आहेत. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर उतरणारी आणि एसीच्या डब्यामागे चार काड्या टाकून संसार मांडणारी जोडी घरमालकाला आगंतुक वाटते. तिच्या घराण्याचा मुक्काम या मुलखात माणसाच्या पहिल्या घराच्याही आधीचा आहे.

पारवा सहसा झाडावर घरटे करत नाही. त्याला फांदी नको, कपार हवी; वर छप्पर, पाठीला दगड आणि समोर मोकळी हवा. बालाघाटाच्या डोंगरात अशा जागांना तोटा नाही. काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले, मधला मऊ थर उन्हापावसाने झिजलेला, त्यामुळे कड्याला आडव्या लांबच लांब फटी पडलेल्या. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी जिथे दरीत उडी घेते, तसले कडे हे पारव्याचे मूळ गाव. माणसाने पुढे कोनाडा, सज्जा, कमान, घुमट असे जे जे रचले, ते पाखराच्या हिशेबी कडाच होते, आणि कड्यापेक्षा बरा, कारण जवळच खळ्यावर दाणे सांडलेले असत.

अंबाजोगाईत यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातले तेराव्या शतकातले शिलालेख आहेत. त्या काळातली देवळे, बारवा आणि हत्तीखान्याची लेणी मिळून हे गाव दगडकामाने भरलेले आहे. बारवेच्या भिंतीत मूर्ती ठेवण्यासाठी देवकोष्ठे सोडलेली असतात. काळाच्या ओघात अनेक ठिकाणच्या मूर्ती गेल्या, कोष्ठे रिकामी राहिली. हातभर खोल, पावसापासून सुरक्षित आणि खाली पाणी! पारव्याला याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती. बीडचे कंकालेश्वराचे देऊळ तर कुंडाच्या मधोमध, चहूबाजूंनी पाण्यात उभे आहे.

पाण्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पारवा कोरडे धान्य खाणारा पक्षी, त्यामुळे त्याला रोज भरपूर पाणी लागते. चिमणी चोचीत थेंब घेऊन मान वर करते. पारवा चोच बुडवून सलग ओढतो. बीडसारख्या पावसाच्या सावलीतल्या जिल्ह्यात वर्षभर पाणी कुठे, तर विहिरीत. दख्खनच्या बांधीव विहिरीत पाणी आणि कपार एकाच जागी मिळत असल्याने विहीर आणि पारवा यांची जोडी जमली. दगड निखळून पडलेली खोबण, बांधकामाच्या वेळी वासे रोवायला सोडलेली भोके, मोटेच्या थारोळ्याखालची सावली, सगळीकडे त्यांची बिऱ्हाडे. मोट सुरू झाली की चामड्याच्या आवाजाने थवा भुर्रकन वर यायचा, एक फेरी मारून पुन्हा आत उतरायचा.

बीडच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्याला असलेली खजाना विहीर या विहिरींत मानाची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, सलाबतखानाने ती बांधवली. कारागिरीचे श्रेय राजा भास्कर याला देतात. पाणी आत आणणारे आणि बाहेर नेणारे भुयारी कालवे, आणि त्यावर भिजणारा बलगुजारचा शिवार, ही तिची ख्याती. अभियंते त्या कालव्यांचा उतार मोजायला येतात. पक्षी पाहणाऱ्याने मात्र अशा विहिरीच्या काठावर बसून आतल्या भिंतीकडे बघावे.

इंग्रजांनीही तेच पाहिले होते. मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथे घालणारा कर्नल साइक्स याने १८३२ साली इथल्या पक्ष्यांची यादी छापली. निळ्या कबुतराला त्याने दख्खनच्या अगदी सर्रास दिसणाऱ्या पाखरांत बसवले आणि पडक्या इमारतींचा कायमचा रहिवासी ठरवले. नाव मात्र युरोपातल्या दुसऱ्याच कबुतराचे दिले. ती चूक १८४४ मध्ये स्ट्रिकलंडने सुधारली. भारतातल्या पारव्याला त्याने वेगळे शास्त्रीय नाव दिले, कारण युरोपच्या पारव्याची कंबर पांढरी असते आणि आपल्याकडच्याची राखाडी. हा फरक किरकोळ वाटेल, पण गॅलरीत उभे राहणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. त्याकडे पुढे येऊ.

किल्ल्यांत तर पारव्यांचे राज्य अधिक टिकाऊ निघाले. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ मध्ये बांधला. दोनच वर्षांत मुर्तजा निजामशहाने तो घेतला आणि किश्वरखान बाण लागून मेला. १६३१ मध्ये मोगलांचा आझमखान आत शिरला. बंदुका रोखण्यासाठी तटात ठेवलेल्या जंग्या आज कुणावर रोखायच्या? त्यांत पारव्यांची अंडी असतात. बीड परिसरात मुहम्मद तुघलकाचा दात पडला आणि त्याने तो थाटामाटात पुरून वर कबर बांधवली अशी कथा सांगतात. राजाच्या दातालाही या मुलखात दगडी छप्पर मिळाले म्हटल्यावर पाखराला न मिळायला काय झाले!

संतांच्या वाङ्मयातही कबूतर आहे, पण ते बहुधा हे नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत कपोत आहे. पिलांच्या मोहाने आधी मादी आणि मग नर आपणहून पारध्याच्या जाळ्यात शिरतो, अशी ती गोष्ट. गोदाकाठी पैठणच्या एकनाथांनी ती १५७३ च्या सुमारास पुरी केलेल्या आपल्या भागवतात विस्ताराने मराठीत आणली. दत्तभक्त दासोपंत याच शतकात अंबाजोगाईत राहिले, त्यांची कापडावर लिहिलेली पासोडी आजही तिथे आहे. दत्तसंप्रदायात वाढलेल्या या गावाला चोवीस गुरू परके नाहीत. पण मूळ कथेतला कपोत अरण्यात झाडावर घरटे बांधतो. हे लक्षण होल्याचे. जीव टाकून पिले वाढवण्याची गोष्ट मात्र दोघांनाही लागू पडते.

खरे तर तीच पाहण्यासारखी आहे, आणि गॅलरीतून जितकी नीट दिसते तितकी विहिरीच्या काठावरून कधी दिसली नसेल. मादी दोन पांढरी अंडी घालते. साधारण अठरा दिवस उबवणी चालते आणि तिच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सकाळ बरीच वर आली की नर बसतो, दुपार काढतो. दिवस कलताना मादी येते आणि रात्रभर बसते. ही पाळी एकदा लक्षात आली की नर कोण, मादी कोण हे रंगावरून ओळखत बसावे लागत नाही. पिले निघाली की पहिले काही दिवस दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा पदार्थ सुटतो, तो पिलांना भरवतात. बापाने दूध पाजण्याचा हा प्रकार पाखरांत फार थोड्यांकडे आहे. चिमणीला पिलांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात. पारव्याला नुसते दाणे मिळाले तरी पिले जगतात. दुष्काळी जिल्ह्यात हा पक्षी जवळजवळ बारा महिने वीण करत राहतो, त्याचे हेच कारण.

आता कंबरेच्या रंगाकडे. गॅलरीत येणाऱ्या थव्याकडे नुसते पारवे म्हणून न पाहता एकेक पाखरू पाहिले तर बराच गोंधळ दिसतो. एखादा शुद्ध राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे, एखाद्याच्या पंखावर चौकडी, एखादा विटकरी, एखाद्याच्या पायांवर पिसे, तर एखाद्याची कंबर पांढरी. हे रंग डोंगरातून आलेले नाहीत, ते माळवदांवरच्या ढाबळींतून आले.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्यात कबूतरबाजी हा इभ्रतीचा शौक होता. त्याची परंपरा मोगलांची. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे असल्याची नोंद आहे. त्या शौकाला बादशहा इश्कबाजी म्हणे. उंच उडणारे गिरहबाज, जमिनीवर कोलांट्या घेणारे लोटन, पिसारा फुलवणारे लक्के या जाती त्या शौकातूनच जोपासल्या गेल्या. शिट्टी आणि फडके यांवर थवा उडवायचा, दुसऱ्याचे पाखरू आपल्या थव्यात मिसळून खाली उतरवायचे, हा खेळ. हरवलेली, पळालेली, मालकाने सोडून दिलेली कबुतरे वेशीवर, मशिदीत, देवळात जाऊन तिथल्या पारव्यांत मिसळली.

या मिसळण्याचा अर्थ सांगणारा माणूस इंग्लंडात बसला होता. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात पाळीव कबुतरांना मोठी जागा दिली. त्याला भारतातून कातडी पाठवणारा वॉल्टर एलियट पूर्वी धारवाडकडे, दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होता. अठराव्या शतकात लिहिलेल्या कबुतरांवरच्या एका फारसी ग्रंथाची माहितीही डार्विनला एलियटकडूनच मिळाली. डार्विनने पांढऱ्या लक्क्यांचा आणि काळ्या बार्ब कबुतरांचा संकर केला, तेव्हा नातवंडांत निळसर राखाडी रंग आणि पंखावरचे दोन काळे पट्टे पुन्हा उगवले. सगळ्या जातींचा पूर्वज एकच, कड्यावरचा पारवा, असा त्याचा निष्कर्ष. भारतातल्या पारव्याची कंबर निळसर असते हेही त्याने तिथे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे बीडच्या गॅलरीतला पांढऱ्या कंबरेचा पक्षी उडताना दिसला, तर त्याच्या रक्तात कुणा शौकिनाच्या ढाबळीचा अंश आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

खाण्याची सोय धर्माने आणि व्यापाराने केली. प्रेषितांच्या हिजरतच्या वेळी, म्हणजे मक्का सोडताना, सौर गुहेच्या तोंडाशी कबुतराने घरटे केले आणि पाठलाग करणारे फसले, या कथेमुळे दर्ग्यांत, मशिदींत कबुतराला अभय. जैन आणि मारवाडी व्यापाऱ्यांकडे जीवदयेचा दाणा. मराठवाड्यात धान्याची पेठ म्हणजे मोंढा. तिथे पोती उघडायची, दाणे सांडायचे, पारवे उतरायचे. यात हुशारी कुणाची अधिक, व्यापाऱ्याची की पाखराची, हे सांगणे कठीण.

घडी विस्कटली ती १९७२ नंतर. त्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला. पुढे हापसे आले, मग बोअर आले आणि पाणी शेकडो फूट खाली गेले. बोअरला कपार नसते, आणि सहा इंचांच्या पाइपात पारवा शिरू शकत नाही. मोटा आधीच थांबल्या होत्या. आता विहिरी कचऱ्याने भरू लागल्या, काही बुजवल्या गेल्या. ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस आणि सोयाबीन वाढले, तशी खळीही कमी झाली. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरे मात्र उन्हाळ्यापर्यंत कुलूपबंद राहतात. तिथले माळवद आणि दिवळ्या पाखरांना हंगामी मिळतात. शहराकडे माणसे सरकली, तसा पारवाही सरकला असावा. शहरात दाणे, टाकीचे पाणी आणि सिमेंटचा कडा हे तिन्ही एका इमारतीत मिळते. शहरात त्याच्यावर झडप घालणारा ससाणाही सहसा दिसत नाही.

याच सुबत्तेतून भांडण उभे राहिले. पारव्याची वाळलेली विष्ठा धूळ होऊन श्वासात गेली की काहींच्या फुफ्फुसांना कायमची सूज येते, हे डॉक्टर सांगत आहेत. मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून रण माजले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, ती काढायला लोक रस्त्यावर उतरले; प्रकरण आधीच उच्च न्यायालयात होते. बीडमध्ये तसा दंगा नाही. इथला वाद जिन्यातला असतो. वरच्या मजल्यावरच्या आजी मूठभर बाजरी टाकतात आणि खालच्या गॅलरीतले कपडे घाण होतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पाहायचे तर दाणे न टाकताही पाहता येते. कोपरा ओला करून मास्क लावून साफ करावा, आणि पिले उडून गेल्यावर लगेच जाळी बसवावी, अंड्यांवर नव्हे.

जाळी लागली की जोडी दोन-तीन दिवस त्याच कठड्याभोवती घिरट्या घालते आणि मग शेजारची गॅलरी धरते. शेजारीही जाळी लागली तर पाण्याच्या टाकीखालचा कोपरा, शाळेचा पोर्च, उड्डाणपुलाची बेचकी. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, कित्येक दशके वाट पाहिल्यावर, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. मार्ग पुढे परळीपर्यंत जायचा आहे. त्यासाठी नद्या-ओढ्यांवर पूल झाले आहेत आणि आणखी व्हायचे आहेत. पुलाच्या खांबावर गर्डर टेकतो तिथे हातभर सपाट जागा उरते. वर छप्पर, पाठीला काँक्रीट आणि पावसाळ्यात खाली पाणी.