वसईतली पडकी देवळे आणि मागे राहिलेली माणसे



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासाचे जाणकार बोलून गेले. मी दांडिया बाजारात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस. जुनाट दुखण्याचा रुग्ण आला की आज काय दुखते एवढ्यावर आम्ही थांबत नाही. त्याआधी काय झाले, आईवडिलांना काय होते, गाव कोणते, हेही विचारतो. गेल्या हिवाळ्यात वसईच्या किल्ल्यात एक दिवस घालवला, तेव्हा ही सवय कामी आली. त्या दिवसाची ही हकीकत.

आम्ही नऊ जण होतो, बहुतेक साठी ओलांडलेले. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे बोरिवलीला उतरलो, लोकलने उलटे वसई रोडला आलो आणि तिथून बसने किल्ल्यापाशी पोहोचलो. किल्ला दाखवायला वसईचाच एक तरुण ठरवला होता. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक उतरल्याबरोबर त्याला म्हणाले, "चिमाजीअप्पांनी सुरुंग लावले ती जागा आधी दाखवा." तो म्हणाला, "दाखवतो काका. पण वाटेत देवळं लागतील, ती बघत जाऊ."

आम्हाला वाटले, महादेवाचे देऊळ असेल. किल्ल्यात पेशवाईतले नागेश्वराचे देऊळ आहेही. पण तो आम्हाला सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्याखाली घेऊन गेला. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. हा शब्द त्या दिवशी मनात रुतला तो रुतलाच.

सेंट जोसेफ हे तिथले मुख्य देऊळ, सोळाव्या शतकात बांधलेले आणि १६०१ मध्ये पुन्हा नीट केलेले. आत छप्पर नाही, वेदीच्या जागी गवत. पुढे जेझुइटांचे देऊळ आणि कॉलेज, मग डोमिनिकनांचे, मग फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी. या शेवटच्याच्या जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत. अक्षरे झिजलेली, पण कुठे कुठे साल वाचता येते. आम्ही वाकून वाचत होतो आणि शेजारी एक शेळी निवांत चरत होती.

ही वसई पोर्तुगिजांच्या हाती आली ती आपल्या गुजरातमुळे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याला मोगल बादशहा हुमायूनची धास्ती होती. पाठीशी कोणीतरी हवे म्हणून त्याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. धास्ती खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी हुमायूनने चांपानेर घेतले. पावागडाच्या पायथ्याशी आपण सहलीला जातो तेच हे चांपानेर. तिथे पडझड झालेल्या मशिदी पाहताना वसईतली पडकी देवळे आपल्याला आठवत नाहीत, पण दोन्हींच्या मागे एकच घाबरलेला सुलतान आहे. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो मेला.

पुढची दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. या काळात धर्मांतरे झाली, हिंदूंची देवळे पाडली गेली. जवळच्या निर्मळ तीर्थाची कहाणी त्या मुलखात आजही सांगतात. हे झाकून ठेवायचे कारण नाही. पण याच वसईत पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मला. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेला हा पहिला ख्रिस्ती संत. जेझुइटांच्या पडक्या देवळात त्याचे नाव सांगताना आमच्या त्या तरुणाचा आवाज थोडा बदलला.

मग आम्ही तटाकडे वळलो. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली, पण वसईला दोन वर्षे झुंजावे लागले. मे १७३९ मध्ये सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले, दोन्हीकडची माणसे फार मेली आणि अखेर किल्ला शरण आला. शरणागतीच्या अटींत पोर्तुगिजांना सन्मानाने निघून जाण्याची मोकळीक होती, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची. शाळेत आम्ही सुरुंग शिकलो, या अटी शिकलो नाही. शिक्षककाका तटाला हात लावून बराच वेळ गप्प उभे होते.

देवळांतल्या घंटा मात्र विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा मी पूर्वी पाहिली होती. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. तेव्हा मी ती कौतुकाने वाजवली होती. वसईच्या रिकाम्या मनोऱ्याखाली उभा राहिलो तेव्हा कळले की तो आवाज मूळचा इथला.

किल्ला घेण्यासाठी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि पुढे तिचे मंदिर बांधले गेले, हे सर्वांना माहीत आहे. त्या मंदिराचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधल्याचे तिथे सांगतात. आणि ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह? होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव इथे आला आणि त्याने इंग्रजांशी तह केला. त्यात पेशवे आणि गायकवाड यांच्या देण्याघेण्याचा निवाडा इंग्रजांनी करावा, हे कलम होते. त्याच हिशेबासाठी बडोद्याहून गंगाधरशास्त्री पुण्याला गेले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. म्हणजे वसईला जे घडले, त्याचा झटका दोन वेळा गुजरातला बसला आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पोर्तुगीज अधिकारी, सरदार, पाद्री जहाजांत बसून गेले. पण ज्यांची शेते, वाड्या, विहिरी तिथेच होत्या ते कुठे जाणार? ते राहिले. राज्य पेशव्यांचे झाले, मग इंग्रजांचे. या लोकांनी आपले देऊळही सोडले नाही आणि आपली बोलीही सोडली नाही. त्यांच्यातल्या अनेकांची सामवेदी बोली आजही घराघरांत आहे. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१८ मध्ये, हेच संमेलन आपल्या बडोद्यात भरले होते.

हे ऐकताना मला आपले घर आठवले. आपले पूर्वजही एका राज्याबरोबर इथे आले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. राज्य गेले, आपण राहिलो. आपणही मागे राहिलेलीच माणसे आहोत. फरक इतकाच की त्यांचा निभाव कसा लागला हे तीनशे वर्षांनी दिसते. आपला अजून लागायचा आहे.

आमच्या जैन घरांत एक शिकवण आहे. नवे मंदिर बांधण्याच्या आठपट पुण्य जीर्णोद्धारात. माझी आजी हे सांगे तेव्हा दगडांबद्दलच बोलत असेल. वसईत पाहिले की इमारत वापरातून गेली की आधी छप्पर जाते, मग दारे, मग भिंतीचे दगड लोक उचलून नेतात. आपल्याकडे तांबेकर वाडा सरकारी संरक्षणात आहे म्हणून त्यातली भित्तिचित्रे टिकली. बाकीच्या वाड्यांचे काय झाले ते आपण रोज येता-जाता पाहतो. भाषेचेही असेच आहे. वापर सुटला की छप्पर आधी जाते.

संध्याकाळी बसथांब्यावर मी त्या तरुणाला विचारले, घरी अजून सामवेदी बोलता का? "आजीशी बोलावीच लागते," तो म्हणाला, "तिला दुसरं चालत नाही." मग त्याने विचारले, "आणि तुम्ही बडोद्यात मराठी?"

मी म्हणालो, आम्ही बोलतो. नातू गुजरातीत उत्तर देतो.

तो हसला नाही. म्हणाला, "मग काका, तुम्ही उत्तर ऐकून घेऊ नका. मराठीत पुन्हा विचारा."

घरी आल्यापासून मी तसे करतो आहे. दोन वेळा विचारावे लागते. तिसऱ्यांदा बहुधा नाही.