ऑपरेशन झालं, पुढे काय?

"ऑपरेशन यशस्वी झालं, पण पेशंट दगावला" हा विनोद तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलाय. आमच्या स्टाफरूममध्ये तो महिन्यातून एकदा तरी व्हायचा. पण मंडळी, हा विनोद नाही हो! एके काळी शस्त्रक्रियेची खरीखुरी कहाणीच ही होती. मी इतिहास शिकवणारी बाई, शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या सामान्य विज्ञानापुरता. पण गेले काही महिने या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले आहे. का, ते पुढे सांगते.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात दोन तारखा सगळ्यांना पाठ असतात. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखवली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जखमेत पू होऊ नये म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिडचा उपाय जाहीर केला. वेदना गेली, पू गेला, म्हणजे लढाई जिंकली असं वाटावं. पण झालं वेगळंच. रोगी ओरडत नाही म्हटल्यावर सर्जन निवांतपणे पोटात, छातीत, डोक्यात शिरू लागले. तासन् तास चालणारी ऑपरेशनं सुरू झाली. हात स्वच्छ, टाके सुबक, आणि तरी दुसऱ्या दिवशी पेशंट थंडगार पडायचा. नाडी सुतासारखी बारीक, अंगाला घाम, आणि खेळ खलास. याला नाव मिळालं 'शॉक'. नाव मिळालं म्हणजे कारण कळलं असं थोडंच!

कारणाचा एक धागा खरं तर फार आधी सापडला होता, तोही शस्त्रक्रियेत नाही, तर पटकीच्या साथीत. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात पटकी आली तेव्हा ओशॉनेसी नावाच्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, असं त्याला आढळलं. मग गेलेलं परत घालायला काय हरकत आहे? ते करून पाहिलं स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने, १८३२ मध्ये. मरणाच्या दारात पोचलेल्या एका वयस्क बाईच्या शिरेत त्याने मिठाचं पाणी सोडलं. बाईंचे डोळे उघडले, नाडी आली. पण थोड्या वेळाने पुन्हा जुलाब सुरू झाले आणि काही तासांत बाई गेल्या. लॅटाने पुढे आणखी रोग्यांवर हा उपाय केला, काही वाचलेही. पण तो स्वतः पुढच्याच वर्षी वारला, साथ ओसरली आणि ही विद्या जवळजवळ विसरली गेली. आपण ज्याला सहज 'सलाईन लावलं' म्हणतो, त्याचा जन्म हा असा.

इथे एक विषयांतर करतेच, राहवत नाही. हा ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं ते याच डॉक्टरने! डलहौसीच्या सुधारणा शिकवताना आम्ही रेल्वे, पोस्ट, तारायंत्र असं घडाघडा सांगायचो, पण या माणसाचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं. असो.

पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने याच्या मागचं तत्त्व मांडलं. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, त्या आतल्या एका द्रवात राहतात, आणि तो द्रव एकसारखा राखण्यासाठी शरीराची सगळी धडपड चालते. मग लंडनच्या सिडनी रिंगरने १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय बाहेर काढून खारट पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग केले. हृदय छान चाललं होतं. नंतर लक्षात आलं की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं, आणि त्यातल्या कॅल्शियममुळे ते चाललं होतं! १९३२ मध्ये अमेरिकेतल्या हार्टमन या मुलांच्या डॉक्टरने रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घातलं. दवाखान्यात लटकलेल्या बाटलीवर 'आरएल' लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे रिंगर लॅक्टेट.

आता कुशिंगची गोष्ट. हार्वे कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक म्हणून गाजला, पण १८९३ मध्ये तो विद्यार्थी होता. त्या काळी ईथर द्यायचं काम विद्यार्थ्यांकडे असायचं, शिकवायचं कोणी नाही. त्याने भूल दिलेला एक रोगी टेबलावरच गेला. पोरगा हादरला, वैद्यक सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण सोडलं नाही. मित्र कॉडमनबरोबर त्याने एक साधी गोष्ट सुरू केली: ऑपरेशन चालू असताना दर थोड्या वेळाने नाडी आणि श्वास मोजून कागदावर मांडायचे. भुलेचा पहिला तक्ता तो हा. १९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया गावी त्याने रिव्हा-रोची या डॉक्टरचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं, दंडाला पट्टा बांधून फुगवायचं, आणि ते अमेरिकेत नेलं. गंमत पुढेच आहे. हार्वर्डच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी या यंत्रावर विचार करायला समिती नेमली, आणि समितीने सांगितलं की अनुभवी डॉक्टरचं नाडीवरचं बोटच जास्त भरवशाचं! समित्या सगळीकडे सारख्याच, असं माझं मत झालं.

पण शॉक म्हणजे नक्की काय, हे अजून अडलंच होतं. पहिल्या महायुद्धानंतर बऱ्याच जणांचं मत होतं की चिरडलेल्या मांसातून काही विष रक्तात जातं आणि माणूस मरतो. १९३० च्या सुमारास नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी प्रयोग करून दाखवलं की विष वगैरे काही नाही. इजा झालेल्या भागातच इतकं रक्त आणि रक्तद्रव साचतं की उरलेल्या शरीराला ते पुरत नाही. बाहेर थेंबही सांडलेला दिसत नाही आणि माणूस आतल्या आत कोरडा पडतो. म्हणजे उपाय उघड होता, गेलेला द्रव वेळेवर आणि पुरेसा परत द्या. दुसऱ्या महायुद्धात रक्त आणि प्लाझ्मा देऊन असंख्य सैनिक वाचले, त्याच्या मुळाशी हे ज्ञान होतं.

या प्रयोगांत ब्लेलॉक यांचा उजवा हात होता व्हिव्हियन थॉमस, एक कृष्णवर्णीय तरुण. सुतारकी करून त्याने कॉलेजसाठी पैसे साठवले होते. मंदी आली, १९ व्या वर्षी तो प्रयोगशाळेत कामाला लागला, आणि मग बँक बुडून ते पैसेही गेले. काम करायचा संशोधकाचं, पण कागदोपत्री त्याचा हुद्दा आणि पगार होता झाडलोट करणाऱ्याचा. पुढे ब्लेलॉकबरोबर तो जॉन्स हॉपकिन्समध्ये गेला. १९४४ मध्ये निळ्या पडणाऱ्या बाळांच्या हृदयावरचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून थॉमस त्यांना सांगत होता, कारण कुत्र्यांवर ते ऑपरेशन त्यानेच बसवलं होतं. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. तोवर ब्लेलॉक जाऊन बारा वर्षं झाली होती. या प्रकरणाशी मी दोन दिवस अडकले, पुढचं वाचवेना.

पाणी-मीठ-रक्त हे झालं. पण ऑपरेशननंतर माणूस इतका का खंगतो? ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन नावाचे जीवरसायनतज्ज्ञ हाड मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासत होते. त्यांना दिसलं की रोग्याला नीट खायला घातलं तरी लघवीतून नत्र भरमसाट जातंय. नत्र म्हणजे प्रथिनं, प्रथिनं म्हणजे स्नायू. पाय मोडलाय एका जागी, आणि शरीर सगळीकडचे स्नायू वितळवतंय! घर दुरुस्त करायला घरातलीच लाकडं काढावीत, तसं.

यावर आयुष्य घातलं ते बोस्टनच्या फ्रान्सिस मूर यांनी. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. मूर तेव्हा तिथल्या रुग्णालयात शिकाऊ सर्जन होते, भाजलेले रोगी त्यांनी रात्रभर पाहिले. माणसाच्या शरीरात पाणी किती, मांस किती, हे मोजताच येत नसेल तर गेलेलं भरणार कसं? त्यांनी जड पाणी आणि किरणोत्सारी पोटॅशियम वापरून ते मोजलं. युक्ती सोपी आहे. घंगाळात किती पाणी आहे माहीत नसेल तर त्यात मोजून रंग टाका, ढवळा, आणि रंग किती फिका झाला ते पाहा. १९५९ मध्ये त्यांचा हजारावर पानांचा ग्रंथ आला, शस्त्रक्रियेच्या रोग्याच्या चयापचयाची काळजी या विषयावर. त्यात त्यांनी ऑपरेशननंतरच्या दिवसांचे टप्पेच सांगितले. आधी शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं, म्हणून लघवी कमी होते. स्नायू झिजतात, भूक नसते, माणूस कशातच रस घेत नाही. मग एके दिवशी तो वळतो. लघवी सुटते, भूक लागते. मग ताकद येते, आणि चरबी सगळ्यात शेवटी.

यावर वादही झाला. १९६० च्या दशकात डॅलसचे टॉम शायर्स म्हणत होते, द्रव भरपूर द्या. मूर म्हणत, शरीर पाणी धरून ठेवतंय तेव्हा जपून द्या. शिष्यांनी मात्र दोन्हीकडून ताणलं, इतकं की सलाईनच्या पुराने फुप्फुसं भरू लागली. शेवटी १९६७ मध्ये दोघांनी मिळून एक छोटा लेख लिहिला, नाव फक्त 'संयम'. भांडणारी दोन मोठी माणसं अशी एकत्र बसून लिहितात हे मला फार आवडलं.

आता माझं कारण. आमच्या आईचं पिशवीचं ऑपरेशन १९६८ मध्ये झालं. मी अठरा वर्षांची, तिच्या उशाशी मीच असायची. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. नंतरही दोन-तीन दिवस नाही. ओल्या कापसाने ओठ पुसायचे एवढंच. ती कापूसच चोखायला बघायची. आठ दिवस उठायचं नाही, कुशीवर वळायलाही मनाई. नवव्या दिवशी उठवलं तेव्हा तिच्या पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं आणि पोटरी सुजून टणक झाली होती. गुठळी हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. ती वाचली, पण तो पाय शेवटपर्यंत जड राहिला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच चाले.

आणि तरी शिकागोच्या एमिल रीस या डॉक्टरांनी १८९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की मी पोटाच्या रोग्यांना एक-दोन दिवसांत उठवतो आणि ते बरे होतात! फारसं कोणी ऐकलं नाही. युद्धकाळात खाटा कमी पडल्या तेव्हा कुठे लोक रोग्यांना लवकर उठवू लागले. पुढे १९९० च्या दशकात कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी सगळे धागे एकत्र बांधले. पाठीत बारीक नळी घालून वेदनेचे संदेश अडवले की शरीराची ती स्वतःला जाळणारी खळबळ कमी होते. सलाईन मोजून, नाकातली नळी शक्यतो नाही, त्याच दिवशी खायला आणि चालायला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे रोगी दोन दिवसांत घरी जाऊ लागले. पूर्वी याला आठ-दहा दिवस लागत.

उपाशी ठेवण्याचं मूळ कारण खरंच आहे. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीव जातो, बाळंतिणींमध्ये असं होतं हे न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये दाखवलं. पण साधं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. म्हणून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल असं सांगितलं. दूध आणि जेवण मात्र नाही, त्याला सहा तास किंवा जास्तच.

हे सगळं लिहायला बसले कारण आमच्या जाऊबाईंचं आतड्याचं ऑपरेशन ठरलंय. भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांना पहाटे पाणी प्यायला सांगितलंय आणि त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवणार आहेत, हे कळल्यापासून घरात फोनवर फोन चालू आहेत. "टाके तुटतील", "एवढ्या लवकर कुणी खातं का", "पाणी पाजू नका हं"! नणंदबाई, तुम्हीही वाचताय हे माहीत आहे मला. मधुमेह असेल, आतडं अडलेलं असेल तर नियम वेगळे असतात, ते डॉक्टर बघतील. आपण फक्त त्या उठल्या की हात धरून बरोबर चालायचं आणि "झोपा, झोपा" म्हणायचं नाही. डबा मी आणणार आहे, मुगाचं कढण आणि मऊ भात. त्यांनी विचारलं तर वाढायचं, कुणाला विचारत बसायचं नाही, डॉक्टरांनी हो म्हटलेलं आहे.