सातारा व सांगली : नागरी स्वयंसेवा आणि नागरिकत्वाचा उंबरठा

सातारचे राज्य खालसा होऊन पुरती पाच वर्षेही लोटली नव्हती, तोच १८५३ साली त्या शहरास नगरपालिका मिळाली. १८५० चा कायदा रहिवाशांच्या इच्छेची भाषा करीत असे. सभासद मात्र सरकार नेमी. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुकीचे तत्त्व आले, तरी मताधिकार कर व मालमत्ता यांना जखडलेला राहिला. भाडेकरू, मजूर आणि बहुसंख्य स्त्रिया यांच्या दृष्टीने शहर हे राहण्याचे ठिकाण होते, चालविण्याचे नव्हे. सांगलीत तर ८ मार्च १९४८ पर्यंत पटवर्धनांचे संस्थान होते. तेथील नागरी कारभारावर अखेरची सत्ता दरबाराची.

यामुळेच या भागातील स्वयंसेवेचा उगम नगरपालिकेच्या सभागृहात शोधणे व्यर्थ होय. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, स्वयंपाक व झाडलोट स्वहस्ते करीत. खर्च भागेना तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. १९२७ साली गांधीजी तेथे येऊन गेले. पाणवठे व पंगती जातीनुसार विभागलेल्या शहरात हा सहवास म्हणजेच नागरिकत्वाचे शिक्षण होते. परंतु मुले खेड्यांतली, मदतही पुष्कळशी खेड्यांतली. शहराने जागा दिली, मनुष्यबळ दिले नाही, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

१९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले, तेही मुख्यतः भोवतालच्या गावांचे. पुढे १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारने न्यायदान व संरक्षण यांची व्यवस्था लावली, ती खेड्यांत. ते संपल्यावर त्यातील कार्यकर्ते पक्ष, सहकारी संस्था व शिक्षणसंस्था यांकडे वळले. शहरातील वॉर्डाकडे वळलेले त्या मानाने थोडे.

ही जुनी फट ऑगस्ट १९१९ नव्हे, ऑगस्ट २०१९ मध्येही दिसली. सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तरुण मंडळे व तालमी यांनी माणसे काढली, अन्न पोचविले. संकटात सेवेस कोणी परवानगी विचारीत नाही. मात्र पूररेषेतील बांधकाम किंवा नाल्यांची रुंदी ठरविताना याच तरुणांना बसण्यास जागा नसते. वॉर्डातील मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याने २००९ साली केली, पण ती बव्हंशी कागदावर राहिली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०१८ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२३ मध्ये संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता.